दोन टनाचा दोर ऐंशी किलोला कसा तुटला

मावशीच्या न्हाणीतला तांब्याचा हंडा अजून चेपलेलाच आहे. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात तिचं कौलारू घर आहे, मागं परसात फणस, आणि त्याची एक जाड फांदी बरोबर न्हाणीवर आलेली. मिरगाच्या आधी ती काढून टाकू म्हणून गावातल्या झाडं तोडणाऱ्या मामांना बोलावलं. फांदी तुकड्या तुकड्यानं कापायची, प्रत्येक तुकडा दोराला बांधून अलगद खाली सोडायचा असं ठरलं. पहिले दोन तुकडे छान आले. तिसरा सुटला तसा दोर फाडकन तुटला, तुकडा कौलं फोडून आत गेला आणि हंड्यावर बसला. आत कोणी नव्हतं म्हणून आज हे मजेत लिहितोय.

दोर मीच आणलेला, बेळगावच्या बाजारातून. बारा मिलिमीटरचा, निळा, तीन पदरी. दुकानदार म्हणाला, "स्ट्राँग ऐत्री सर, नायलॉन हाय, दोन टन घेतंय." आणि मी पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, पोरांना फिजिक्स शिकवणारा माणूस, तुकडा जेमतेम ऐंशी किलोचा, म्हणजे पंचवीसपट ताकद हातात आहे असा हिशोब करून निवांत खाली उभा होतो. (ऐंशी कसे काढले तर, चाळीस सेंटिमीटर जाड आणि पासष्ट सेंटिमीटर लांब ओंडका, ओलं लाकूड पाण्याइतकं जड धरायचं, लिटरला एक किलो. कमी धरून फसण्यापेक्षा जास्त धरलेलं बरं.)

चूक काय झाली ते रात्री वहीत मांडलं तेव्हा कळलं, आणि ती चूक पोरांच्या पेपरात मी लाल पेनानं गोल करतो तीच होती. वजन म्हणजे जोर नव्हे. ऐंशी किलोचा ओंडका दोराला शांतपणे लटकला असता तर दोराला ऐंशीच किलो जाणवले असते, पण तो लटकला नव्हता, पडला होता. दोर खालच्या एका बेचक्यातून घेतलेला आणि तुकडा त्या बेचक्याच्या वर. कापल्यावर तो आधी बेचक्यापर्यंत खाली आला आणि मग तेवढाच बेचक्याच्या खाली गेला, सगळा मिळून दोनेक मीटर, आणि तिथं दोरानं त्याला हिसक्यात थांबवलं.

आता दोन मीटर पडताना जी ऊर्जा गोळा झाली ती कुठंतरी जिरायलाच पाहिजे, आणि दोर ती जिरवतो ताणून. ओंडका दोन मीटर पडला आणि दोर वीस सेंटिमीटर ताणून थांबला तर सरासरी जोर येतो वजनाच्या अकरापट, कारण एकूण अंतर दोन मीटर वीस सेंटिमीटर आणि थांबायला जागा मिळाली वीस सेंटिमीटर, भागाकार अकरा. म्हणजे आठशे ऐंशी किलो. आणि ही झाली सरासरी. दोर रबरासारखा वागतो, सुरुवातीला ताण शून्य आणि शेवटच्या क्षणी सगळ्यात जास्त, त्यामुळं शेवटचा हिसका सरासरीच्या जवळपास दुप्पट, सतराशे साठ किलो. दोन टनाच्या दोरात राहिलं काय?

काहीच राहिलं नाही, कारण दोन टन हे नव्या, सरळ, बिनगाठीच्या दोराचं माप. गाठ मारली की दोराला बारीक वळणातून जावं लागतं, वळणाच्या बाहेरचे धागे ओढले जातात, आतले नुसते बसून राहतात. चांगली बोलाईन गाठ (न आवळणाऱ्या फाशाची) मारली तरी साधारण तिसरा हिस्सा ताकद जाते, साध्या गाठीत निम्मी. आमचा दोर गाठीजवळच तुटला. शिवाय बेचक्यातही तसंच कोपऱ्यासारखं वळण. आणि तो दोर मी वर्षभर आधी टाकीच्या कामाला आणलेला, तेव्हापासून गच्चीवर उन्हात पडून होता.

बरं, दोर खालपर्यंत दहा मीटर लांब होता, मग फक्त वीसच सेंटिमीटर कसा ताणला? तर बेचक्यात साल आणि दोर इतके घासतात की खालच्या दोराला हिसका कळतच नाही, वरचा मीटर-सव्वा मीटरचा तुकडा एकटाच सगळं सोसतो. ही गोष्ट मला आधी सुचली नव्हती हे कबूल करतो. दोर जेवढा लांब कामाला लागेल तेवढा हिसका मऊ. बाकी सगळं तेच ठेवून चौपट लांब दोर ताणू दिला तर हिसका साधारण निम्म्यावर येतो. म्हणून बेचक्याऐवजी कप्पी लावायची, मग दोर सरकतो आणि पूर्ण लांबी कामाला येते. पण कप्पी जिथं बांधाल त्या जागेवर दोराच्या दोन्ही बाजूंचा ताण येतो, म्हणजे दुप्पट. दोराला सतराशे तर त्या फांदीच्या खुंटाला साडेतीन हजार. दोर टिकला आणि खुंटच खाली आला असंही होतं, मग दोर कितीही भारी असला तरी काय उपयोग. आणि कप्पी म्हणून विहिरीचा गडगडा काढून आणू नका. बिडाचा असतो, हिसक्यानं तडकतो, त्याच्यावर किती भार चालेल ते लिहिलेलंही नसतं. कप्पीचं चाक दोराच्या जाडीच्या आठपट तरी असावं, बारा मिलिमीटरला दहा सेंटिमीटर.

आता त्या "नायलॉन"कडे येऊ. आपल्याकडे प्लास्टिकचा कुठलाही दोर नायलॉनच असतो, दुकानात पण आणि घरात पण. दुसऱ्या दिवशी मी त्याचा बोटभर तुकडा कापला, बादलीत बुडवून दाबला, बुडबुडे निघू दिले, हात काढला तर तो मस्तपैकी वर आला. तरंगला म्हणजे नायलॉन नव्हेच, पॉलिप्रॉपिलीन. पाण्याची घनता १ धरली तर पॉलिप्रॉपिलीनची ०.९१, नायलॉनची १.१४ आणि पॉलिस्टरची १.३८, म्हणजे दुसरे दोन्ही बुडणार. ते दोघं एकमेकांपासून ओळखायचे तर लिटरभर पाण्यात साडेतीनशे ग्रॅम मीठ विरघळवा, ढवळत बसावं लागतं पण विरघळतं. त्या खारट पाण्याची घनता १.२ च्या आसपास जाते, त्यात नायलॉन तरंगतो आणि पॉलिस्टर बुडतो. मावशी मिठाची बरणी रिकामी झाली म्हणून बोलली ते वेगळं.

पॉलिप्रॉपिलीन वाईट माल आहे असं नाही. १९५४ साली इटलीत जुलिओ नाट्टांनी ते बनवलं, १९६३ चं नोबेलही त्यांना कार्ल झिग्लर यांच्याबरोबर मिळालं. हलकं, स्वस्त, पाणी पीत नाही, म्हणून होडीला, ट्रकच्या ताडपत्रीला, म्हशीला झकास. पण ऊन त्याला खातं. आणि ते साधारण १६५ अंशाला वितळतं. नायलॉन २२० च्या पुढं, पॉलिस्टर २५० च्या पुढं. झाडावर कुठनं येतंय एवढं तापमान? तर घासण्यातून. ऐंशी किलोचा ओंडका सहा मीटर खाली सोडला की सुमारे ४,७०० ज्यूल उष्णता तयार होते, म्हणजे एक मोठा चमचा पाण्याला उकळी आणण्याएवढी. एवढीशीच, पण ती सगळी दोराच्या वरच्या पातळ थरात आणि काही सेकंदांत. त्या तुटलेल्या दोरावरून बोट फिरवलं तर एक हातभर भाग कडक, चकचकीत, गुळाच्या पाकासारखा लागत होता. धागे वितळून एकमेकांना चिकटलेले. आधीच्या दोन तुकड्यांनी ते केलं होतं आणि आम्ही बघितलंच नव्हतं.

मग खरं नायलॉन घ्यावं का? मलाही तसंच वाटलं, चांगलं ताणतंय म्हणजे हिसका मऊ. पण ते जरा जास्तच ताणतं. ओंडका कौलांच्या हातभर वर थांबेल असा अंदाज बांधावा आणि दोर आणखी हातभर लांबावा, शिवाय झोका घेऊन परत उसळी. आणि भिजलं की दहा-पंधरा टक्के ताकद जाते, आपल्याकडं जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात जूनपासून दोर कोरडा राहणार कुठं? दुसऱ्या टोकाला ते डायनिमा वगैरे खास पॉलिइथिलीनचे दोर, वजनाच्या मानानं भयंकर मजबूत, पण तीन-चार टक्केच ताणतं आणि दीडशे अंशाच्या आतच वितळतं, म्हणजे हिसका आणि घासणं दोन्ही नको असलेला दोर. मधला आहे पॉलिस्टर. बेताचा ताणतो, भिजला तरी तसाच, उन्हात टिकतो, उष्णता सोसतो. ओंडके उतरवणारे जगभर बहुतेक हाच वापरतात, तोही वेणीसारखा विणलेला, आत एक वेणी आणि बाहेर एक. पीळ घातलेल्या तीन पदरी दोराला भार आला की पीळ सुटायला बघतो आणि ओंडका गरगर फिरतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण जळायच्या आधी तो पीळ ओंडक्याला नाचवतो त्याचं काय.

मी १६ मिलिमीटरचा असा दोर मागवला, लेबलवर पाच टन. त्याचा दहावा हिस्सा म्हणजे पाचशे किलो, रोजच्या भाराला एवढंच धरायचं, कारण दोर एकदाच जोर सोसून मोकळा होत नाही, हिसके त्याच्या अंगात साठत जातात. एखादा मोठा हिसका बसला की तो दोर बाजूला काढायचा, दिसायला नवा असला तरी. आणि ओंडक्याचा दोर वेगळा, माणसाचा वेगळा, ह्यात तडजोड नाही.

मामा पुन्हा आले, थोडे फुगलेलेच. ह्यावेळी दोर खाली घट्ट बांधला नाही, बुंध्याला वेढे दिले आणि टोक मामांच्या हातात. हा वेढ्यांचा हिशोब अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञानं मांडला आणि तो मला अजून जादूसारखा वाटतो. दोर आणि साल यांचं घर्षण ठीकठाक असलं तर एक पूर्ण वेढा जोर पाचपट कमी करतो, दोन वेढे तेवीसपट, तीन वेढे शंभरपटीच्या वर. बेरीज नाही, गुणाकार. आणि बुंधा जाड की बारीक यानं फरक पडत नाही, वेढे किती तेवढंच. ओंडका सुटला की दोर लगेच आवळायचा नाही, सरकू द्यायचा आणि हळूहळू धरत जायचा. तोच ऐंशी किलोचा तुकडा, तसाच दोन मीटर पडलेला, पण वीस सेंटिमीटरऐवजी आणखी दोन मीटरात थांबवला तर सरासरी जोर वजनाच्या दुप्पटच, एकशे साठ किलो. दोन वेढ्यांमागं मामांच्या हाताला सात किलो, म्हणजे शेंगांची पिशवी. घासण्याची उष्णताही आता एका जागी नाही, सरकणाऱ्या दोरावर पसरलेली.

मामांना मी यातलं एक वाक्य सांगितलं नाही. पहिला ओंडका सुटला, दोर सालीवरून सुर्रर्र करत गेला, मामांनी मूठ हळूहळू आवळली आणि ओंडका परसात पिशवी ठेवल्यासारखा बसला. मामा माझ्याकडं न बघता म्हणाले, "सोडत सोडत धरायचं म्हणा की सर. मोटेला बैल परत येताना आमचा आज्जा अस्संच करायचा."

झाड मुळापासूनच तोडायचं असेल तर १९७६ चा कर्नाटकाचा वृक्ष संरक्षण कायदा आहे, परवानगीचं आधी बघा, आणि जवळून विजेची तार जात असेल तर लाईन बंद करून घेतल्याशिवाय दोर टाकायचाच नाही, ओल्या दोरातून करंट येतो.

संध्याकाळी सामान आवरताना मामांनी तो जुना निळा दोर उचलला. मी म्हटलं, "मामा, तो टाकून द्या, खराब झालाय." त्यांनी चकचकीत भाग कोयत्यानं तोडून बाजूला टाकला, बाकीचा गुंडाळून खांद्यावर घेतला.

"म्हशीला चालतंय की," म्हणाले. "म्हस काय वरनं पडत नाय."