उद्यमनगरातला पीसी आणि चिपमधलं कुंपण

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या मित्राचं वर्कशॉप आहे. कोपऱ्यात पिवळा पडलेला एक पीसी अजून डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतो. त्याच्या प्रिंटर पोर्टला छोटं मिलिंग मशीन जोडलंय. गेल्या वर्षी त्यानं त्याहून कितीतरी वेगवान पीसी आणला आणि मला फोन केला. "विंडोज एक्सपी टाकून बघितली, लेका. प्रोग्रॅम उघडतोय, पण मशीन झटकं मारतंय."

त्याचा प्रोग्रॅम पोर्टच्या तारांवर थेट पल्स पाठवतो. एक पल्स गेला की स्टेपर मोटर एक पाऊल फिरते. डॉसमध्ये याला आडकाठी नव्हती, कारण डॉस इंटेलच्या ज्या ८०८६ घराण्याच्या चिपसाठी लिहिली गेली, तिच्यात अडवणारं काही नव्हतंच. कुठल्याही प्रोग्रॅमनं मेमरीत कुठंही लिहावं, कुठल्याही पोर्टला हात घालावा. ऑपरेटिंग सिस्टीमनं कितीही नियम केले, तरी ते पाळायला लावणारा पहारेकरी चिपमध्येच असावा लागतो.

तो इंटेलनं १९८२ च्या ८०२८६ मध्ये बसवला. त्याचं नाव प्रोटेक्टेड मोड, म्हणजे प्रोग्रॅमांभोवती चिपनंच घातलेलं कुंपण. पण एकदा या मोडमध्ये शिरल्यावर परत यायची वाटच ठेवली नव्हती. नवी ऑपरेटिंग सिस्टीम येईल आणि कायम तिथंच नांदेल, असा चिपवाल्यांचा हिशोब. लोकांकडं मात्र सगळे प्रोग्रॅम डॉसचे, आणि ते जुन्याच मोडमध्ये चालणारे. मग १९८४ च्या आयबीएम पीसी एटीमध्ये वेगळीच तोड निघाली. बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत एक खूण लिहून ठेवायची आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपकडून मुख्य प्रोसेसर चक्क रीसेट करवायचा. प्रोसेसर जुन्या मोडमध्ये जागा व्हायचा, खूण वाचायचा आणि अर्धवट राहिलेलं काम पुढं न्यायचा. मोड बदलायचा म्हणून दर वेळी असं मरून जन्मायचं! संगणकाच्या इतिहासातला इतका बोलका प्रसंग मला दुसरा माहीत नाही. वर काय चालणार आहे याचा अंदाज चुकला, की सिलिकॉनमध्ये किती महागात पडतं ते इथं उघड दिसतं.

आपल्याकडं फाउंड्रीत पॅटर्न करणारा टर्नरसाठी कास्टिंगवर थोडा जादा माल ठेवतो; टर्नर आपलं फिक्स्चर त्या कास्टिंगच्या अंगानं करतो. दोघांनी एकमेकांना विचारलं नाही तर माल भंगारात जातो. १९८५ ची ८०३८६ ही अशी विचारून केलेली चिप वाटते. तिच्यात परतीची वाट होती, मेमरीची ४ केबीची पानं, म्हणजे सारखे तुकडे, होती (पानांची कल्पना त्याआधीची, मँचेस्टरच्या ॲटलास संगणकात १९६२ मध्ये आलेली) आणि एकाच वेळी अनेक डॉस प्रोग्रॅमना 'आपण स्वतंत्र ८०८६ वर आहोत' असं भासवायची सोयही होती. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला घेतली ती याच चिपवर.

कुंपणावर भरवसा टाकून ऑपरेटिंग सिस्टीमही घडत गेल्या. वेग वाचावा म्हणून त्या स्वतःची मेमरी प्रत्येक प्रोग्रॅमच्या मेमरीच्या नकाशातच ठेवायच्या. चिप कुणाला आत डोकावू देणार नाही ही खात्री होती. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन नावाचं चिपमधलं भगदाड उघडकीला आलं आणि ती खात्री गेली. पुढच्या कामाचा अंदाज बांधून आधीच पळत सुटण्याच्या नादात अनेक चिप कुंपणापलीकडचं वाचत होत्या, आणि त्याच्या खुणा मागं राहत होत्या. चिप काही रातोरात बदलता येत नाही. त्यामुळं ऑपरेटिंग सिस्टीमना नकाशे वेगळे करावे लागले, त्यापायी काही कामं मंदावली, आणि मग पुढच्या चिपमध्ये दुरुस्ती आली.

मित्राच्या मशीनचे झटके याच कुंपणामुळं. एक्सपीवर प्रोग्रॅमनं पोर्टला हात घातला की चिप त्याला थांबवते आणि ऑपरेटिंग सिस्टीमला बोलावते. ती पल्स पुढं पाठवते खरी, पण उसाच्या पाण्याच्या पाळीसारखी मधेच दुसऱ्या प्रोग्रॅमचीही पाळी येते. तेवढ्या काही मिलिसेकंदांत मोटर अडखळते.

शेवटी पल्स द्यायचं काम आम्ही एका छोट्या कंट्रोलर बोर्डाकडं दिलं. त्यावर ऑपरेटिंग सिस्टीम नाही, एकच प्रोग्रॅम अखंड फिरतो. पीसी यूएसबीवरून फक्त पुढच्या हालचाली सांगतो. पहिली ॲल्युमिनियमची प्लेट लावली तेव्हा मित्र मोटरपाशी कान देऊन उभा होता. प्लेट संपेपर्यंत आवाज एकसारखा येत राहिला.