हनीस्ट्रीटचा ‘बार्ज इन’: गूढ नव्हे, कष्टकऱ्यांचा पब

इंग्लंडमधल्या विल्टशायरमध्ये केनेट अँड एव्हन कालव्याच्या काठी ‘बार्ज इन’ नावाचा पब आहे. परग्रहवासी आसपासच्या शेतांतला गहू आडवा करून वर्तुळं काढतात आणि हा पब फार पूर्वीपासून या वर्तुळांच्या अभ्यासकांचा अड्डा आहे, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

कालवा १८१० मध्ये पूर्ण झाला, पबही त्याच सुमाराचा. इथे नावाड्यांना बिअरसोबत पाव, मांस आणि किराणाही मिळे. १८५८ मध्ये इमारत जळाली, ती लगेच पुन्हा उभारली. पण तोवर रेल्वेने मालवाहतूक ओढून नेली होती. १८५२ मध्ये कालवाच ग्रेट वेस्टर्न रेल्वेने विकत घेतला होता. या पबचा खरा इतिहास हा आहे, आणि तोच झाकला जातो याचं वाईट वाटतं.

इथल्या वर्तुळांची कीर्ती जुलै १९९० ची. शेजारच्या ऑल्टन बार्न्समध्ये भलीमोठी आकृती उमटली आणि बघ्यांची रीघ लागली. पुढच्याच वर्षी डग बोवर आणि डेव्ह चोर्ली या दोघांनी जाहीर केलं, की फळी आणि दोरी वापरून १९७० च्या दशकापासून आपण अशी वर्तुळं काढत आलो. पत्रकारांसमोर त्यांनी ती काढूनही दाखवली.