'आम्हांला परीक्षेत आणू नकोस' : एका विनवणीची वाटचाल

मोह टाळायचा तर मन खंबीर हवे, असे आपण सहज बोलून जातो. ख्रिस्ती परंपरेचा भर मात्र सुरुवातीपासून मागण्यावर आहे. आपले बळ अपुरे पडते हे आधी कबूल करायचे आणि मग देवाकडे हात पसरायचे.

याचे मूळ येशूच्या अरण्यातल्या चाळीस दिवसांत आहे. उपवासाने तो भुकेला झाला, तेव्हा सैतान म्हणाला, या धोंड्यांच्या भाकरी कर. पुढे मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याचे आव्हान आले, जगातल्या राज्यांचे आमिष आले. तिन्ही वेळा येशूने उत्तर दिले ते 'अनुवाद' या जुन्या करारातल्या पुस्तकातून, त्याच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतून. स्वतः देवाचा पुत्र असूनही त्याने वाद घातला नाही, पाठ असलेले वचन पुढे केले. मला हा प्रसंग नेहमी थक्क करतो. ती वचने अरण्यात चाळीस वर्षे भटकताना पुन्हा पुन्हा घसरलेल्या इस्राएली लोकांना उद्देशून होती. ते जिथे हरले, तिथे तो त्यांचेच शब्द घेऊन उभा राहिला.

शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतही त्याने 'आम्हांला परीक्षेत आणू नकोस' ही विनवणी ठेवली. मूळ ग्रीक 'पैरास्मोस' या शब्दात पारख आणि मोह हे दोन्ही अर्थ आहेत, म्हणून भाषांतर करणाऱ्यांची आजही ओढाताण होते. देव कोणाला मोहात पाडत नाही, असे याकोबाने आपल्या पत्रात स्पष्ट केले. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळींना, म्हणजे करिंथकरांना, पत्रातून धीर दिला, की देव सोसवेल त्यापलीकडे परीक्षा येऊ देत नाही आणि तिच्यातून निघण्याची वाटही ठेवतो.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकांतवासी संन्याशांनी या झुंजीचा जणू अभ्यासच केला. त्यांच्यातला एव्हाग्रियस हा मूळचा शहरी विद्वान. कॉन्स्टँटिनोपलमध्ये एका विवाहित स्त्रीवर मन जडले म्हणून तो ते शहर सोडून निघाला आणि शेवटी वाळवंटात पोहोचला. म्हणजे मोहाबद्दल तो ऐकीव लिहीत नव्हता. त्याने आठ दुष्ट विचार सांगितले. त्यांचीच पुढे सहाव्या शतकात पोप ग्रेगरीच्या हातून सात महापापे झाली. दुपारच्या कंटाळ्याचे त्याचे वर्णन वाचताना तर आपलीच दुपार आठवते: सूर्य हलत नाहीसा वाटतो, दिवस पन्नास तासांचा होतो, संन्यासी सारखा खिडकीकडे पाहतो, खोलीबाहेर येऊन जेवणाची वेळ किती लांब आहे ते बघतो, कोणी भेटायला येतेय का म्हणून इकडेतिकडे डोकावतो. प्रत्येक विचाराला कोणत्या वचनाने उत्तर द्यायचे, याचे एक पुस्तकच त्याने रचले. त्याची शिकवण योहान कॅसियन या संन्याशाने पश्चिमेला, युरोपात नेली. कॅसियन तर एकच ओळ दिवसभर ओठांवर ठेवायला सांगे: देवा, माझ्या साहाय्याला धावून ये.

याच सुमारास, ३८६ साली, इटलीतल्या मिलानमधल्या एका बागेत ऑगस्टीन, पुढे बिशप आणि मोठा धर्मचिंतक झालेला, रडत होता. जुन्या सवयी सुटाव्यात असे वाटत होते आणि सुटत नव्हत्या. पलीकडून एका मुलाचा आवाज आला, 'घे, वाच.' त्याने पौलाची पत्रे उघडली आणि रोमकरांस पत्रातल्या तेराव्या अध्यायावर नजर पडली. पुढे त्याने आत्मकथनात देवाला म्हटले, तू जे आज्ञापितोस ते करण्याची शक्ती दे आणि मग हवी ती आज्ञा कर. रोममध्ये हे वाक्य ऐकून पेलागियस नावाचा धर्मशिक्षक चिडला. माणसाने असे म्हटले तर तो स्वतः प्रयत्न करणार कशाला, असा त्याचा सवाल होता. सवाल अगदीच पोकळ नव्हता. पण ४१८ साली कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलागियसच्या मताविरुद्ध निर्णय दिला: कृपेवाचून देवाच्या आज्ञा पाळणे माणसाला शक्य नाही.

सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक ल्यूथर यानेही हेच मानले, पण एक व्यावहारिक भर घातली. १५३० साली खिन्नतेने ग्रासलेल्या आपल्या एका तरुण मित्राला त्याने कळकळीने लिहिले, की एकटा राहू नकोस, लोकांत मिसळ. वाळवंटातले साधू एकांतात गेले होते. ल्यूथरच्या मते सैतानाला एकटा माणूसच बरा सापडतो. दोन्ही अनुभव खरे असावेत, पण सामान्य संसारी माणसाला दुसरा अधिक उपयोगी, असे मला वाटते.

त्याची साक्ष १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात मिळते. बिल विल्सनने दारू सोडून काही महिने झाले होते. धंद्यातला बेत फसला होता आणि हॉटेलच्या बारमधून गप्पांचा आवाज येत होता. बारकडे वळण्याऐवजी त्याने फोन उचलला आणि एका पाळकाला गाठले. दारूशी झगडणारा दुसरा माणूस त्याला हवा होता, बोलायला. त्या फोनवरून ओळखीची साखळी डॉक्टर बॉब स्मिथ यांच्यापर्यंत पोहोचली. डॉक्टर पंधरा मिनिटेच थांबायचे ठरवून आले होते. ते दोघे रात्री उशिरापर्यंत बोलत बसले. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या चळवळीची सुरुवात या भेटीतून झाली. तिथल्या बारा पायऱ्यांपैकी पहिली आजही हीच आहे: दारूपुढे आमचे काही चालत नाही, हे आम्ही मान्य केले.