सर्वाधिक अर्थांचा मान 'सेट'चा नव्हे, 'रन'चा

इंग्रजीत सर्वाधिक अर्थ 'सेट'ला, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. 1989च्या ऑक्सफर्ड कोशापुरतं ते बरोबर होतं. त्यात 'सेट'चे सुमारे 430 अर्थ होते. पुढे नव्या आवृत्तीसाठी 'रन' तपासलं, तेव्हा नुसत्या क्रियापदाचेच 645 अर्थ निघाले. यंत्रांनी भर घातली: मोटार, कारखाना, प्रोग्राम, सगळं 'रन' होतं.

अर्थ ठरतो सोबतच्या शब्दांवर. 'रन आउट ऑफ मिल्क' म्हणजे दूध संपणं. क्रिकेटमुळे इथे हमखास घोटाळा होतो. 'रन इनटू' माणसाला लावलं तर अवचित गाठ पडणं, भिंतीला लावलं तर धडकणं. निवडणुकीला अमेरिकेत 'रन' करतात, ब्रिटनमध्ये 'स्टँड'. बोलीतलं 'रन युवर माउथ' म्हणजे नको तिथे बडबडणं.