एलिजी रिटन इन अ कंट्री चर्चयार्ड

टॉमस ग्रे (१७१६–७१) ह्या इंग्रज कवीची १२८ ओळींची विलापिका. खेड्यातील चर्चच्या आवारात, दिवस मावळताना, कवी एकटा उभा आहे आणि तेथे पुरलेल्या अनाम कष्टकऱ्यांचा विचार करतो आहे, एवढाच तिचा प्रसंग. लंडनचा प्रकाशक रॉबर्ट डॉड्स्ली ह्याने १५ फेब्रुवारी १७५१ रोजी ती सहा पेन्स किमतीच्या पुस्तिकेच्या रूपात, कवीचे नाव न घालता प्रसिद्ध केली. स्थळ, सूर आणि आशय एकमेकांना कसे घडवतात हे इतक्या जवळून दाखवणारी इंग्रजी कविता क्वचितच सापडेल, कारण तिचा आधीचा, निराळ्या शेवटाचा खर्डा कवीच्याच हस्ताक्षरात शिल्लक आहे.

रचनाकाल : कविता संपली केव्हा ह्याविषयी शंका नाही. १२ जून १७५० रोजी ग्रेने बकिंगहॅमशरमधील स्टोक पोजेस गावाहून ती आपला मित्र होरेस वॉल्पोल ह्याला पाठवली. सुरुवात कधी झाली हा मात्र जुना वाद आहे. ग्रेचा चरित्रकार विल्यम मेसन ह्याच्या मते कवितेचा आरंभ, कदाचित पूर्ततासुद्धा, १७४२ च्या ऑगस्टच्या सुमारास झाली. ग्रेचा जिवलग मित्र रिचर्ड वेस्ट त्याच वर्षी १ जूनला वारला होता, त्यामुळे हा तर्क मनाला पटकन पटतो. मेसनचे टिपण वाचून १७७३ मध्ये वॉल्पोलने हरकत घेतली : कविता वेस्टच्या मृत्यूनंतर निदान तीन-चार वर्षांनी लिहिली गेली असावी. मेसनने खुलासा केल्यावर त्याने ही हरकत मागे घेतली, पण तो खुलासा काय होता हे कळत नाही. ग्रेच्या १७५० च्या पत्रात ‘जिचा आरंभ तुम्ही फार पूर्वी पाहिला आहे’ अशा अर्थाचे शब्द आहेत. ग्रे आणि वॉल्पोल ह्यांचे १७४१ मध्ये इटलीच्या प्रवासात बिनसले होते आणि १७४५ च्या अखेरीस समेट झाला. आरंभीच्या ओळी वॉल्पोलने समेटानंतरच पाहिल्या असणार. त्या वेळी त्या नव्या होत्या की जुन्या, हे त्यावरून ठरत नाही. छंदाचा पुरावाही उशिराच्या काळाकडे झुकतो. एकाआड एक यमकाचे, पाच गणांचे हे चतुष्पदी कडवे जेम्स हॅमंडच्या प्रेम-विलापिकांमुळे ह्या काव्यप्रकारासाठी रूढ झाले आणि त्यांच्या पुस्तकावर १७४३ हे वर्ष आहे. नोव्हेंबर १७४९ मध्ये ग्रेची मावशी मेरी अँट्रोबस वारली, तेव्हा बाजूला पडलेली कविता त्याने पुन्हा हाती घेतली असावी असेही मानले जाते. एकंदरीत १७४५–४६ च्या आसपास आरंभ आणि १७५० मध्ये शेवट, हा क्रम अधिक संभवनीय वाटतो.

स्थळ : परंपरेने हे आवार स्टोक पोजेस येथील सेंट जाइल्स चर्चचे समजले जाते. ग्रेची आई आणि मावश्या त्या गावी राहत असत आणि ग्रेला आईशेजारी तेथेच पुरले आहे. वेलींनी वेढलेल्या मनोऱ्यामुळे स्लाउजवळच्या अप्टन चर्चचा, तर केंब्रिजजवळच्या एक-दोन गावांचाही दावा सांगितला जातो. असल्या शोधातून फारसे हाती लागत नाही. आरंभीची घंटा एखाद्या प्रत्यक्ष मनोऱ्यातून आली असेलही, पण ती इटालियन कवी दान्तेच्या ‘पुर्गातोरिओ’ ह्या काव्याच्या आठव्या सर्गातूनही आली आहे. सरत्या दिवसासाठी दुरून रडणाऱ्या त्या घंटेचा उल्लेख ग्रेने स्वतःच १७६८ च्या आवृत्तीत टीप देऊन केला.

ह्या स्थळाची रचना मात्र नीट पाहायला हवी. श्रीमंतांची थडगी चर्चच्या आत, नक्षीदार कमानींखाली, प्रार्थनागीतांच्या निनादात आहेत. गरिबांची माती बाहेर, एल्म आणि यू वृक्षांच्या सावलीत, नुसत्या हिरवळीच्या उंचवट्याखाली आहे. आत कोरीव कलश आणि अर्धपुतळे, बाहेर ओबडधोबड शिल्पाचे आणि वेड्यावाकड्या ओव्यांचे स्मारक. मृत्यू सर्वांना सारखा हा आशय कवीला वेगळा सांगावा लागत नाही. भिंतीच्या दोन बाजूच तो मांडतात.

सूर : पहिली ओळ ‘द कर्फ्यू टोल्स द नेल ऑफ पार्टिंग डे’, म्हणजे सायंकाळची घंटा सरत्या दिवसाची मृत्युघंटा वाजवते. दहा उच्चारावयव, त्यांत दीर्घ स्वर आणि लांबणारे ‘ल’कार. पहिल्या कडव्याच्या पहिल्या तीन ओळींत एकेक कर्ता आणि एकेक संथ क्रिया आहे : घंटा वाजते, गुरांचा कळप वळणे घेत जातो, नांगरकरी दमून घराकडे पाय ओढतो. चौथ्या ओळीत तो जग ‘अंधाराला आणि मला’ सोडून जातो. कवीचा ‘मी’ सबंध कवितेत एवढ्या एकाच ठिकाणी येतो. स्वतःकडे लक्ष न वेधणारा हा आवाजच पुढच्या सामान्य विधानांना वजन देतो.

कडव्यांमध्ये मोकळी जागा सोडू नये, कारण अर्थ काही ठिकाणी कडव्याबाहेर वाहतो, अशी सूचना ग्रेने छपाईच्या वेळी दिली होती. ती न पाळल्यास सोळा ते अठरा ह्या कडव्यांत घोटाळा होतो. सभागृहांच्या टाळ्या मिळवणे, देशभर सुबत्ता पसरवणे ही सोळाव्या कडव्यातील सारी कर्मे सतराव्याच्या आरंभीच्या ‘त्यांच्या नशिबाने मनाई केली’ ह्या क्रियापदाला जोडलेली आहेत. आणि तीच मनाई पुढे रक्तपातातून सिंहासन गाठण्यालाही लागू पडते. सुटी कडवी वाचणाऱ्याला अर्धेच ऐकू येते : गरिबांची संधी हुकली हे कळते, गुन्ह्याची संधीही हुकली हे निसटते.

दोन पाठ : वर सांगितलेला आधीचा खर्डा म्हणजे ईटन येथील हस्तलिखित मुळात २२ कडव्यांचे होते. छापील पाठात अनाम गावकऱ्यांची तुलना ज्यांच्याशी केली आहे त्या हॅम्डन (राजकीय पुढारी), मिल्टन (कवी) आणि क्रॉमवेल (राज्यकर्ता) ह्या इंग्रजांच्या जागी त्यात केटो, टली म्हणजे सिसरो आणि सीझर ही रोमन नावे आहेत. हा बदल शोभेपुरता नाही. जॉन हॅम्डन बकिंगहॅमशरचाच आणि मिल्टननेही त्या परगण्यात काही काळ वास्तव्य केलेले. त्यामुळे मातीखालचे माणूस त्याच मातीतल्या थोर माणसाशी ताडले जाते. ईटन पाठाच्या शेवटच्या चार कडव्यांत कवी स्वतःलाच समजावतो की बुद्धीशी आणि स्वतःशी झगडणे सोड आणि जीवनाच्या एकान्त खोऱ्यातून मुकाट चालत राहा. हा शेवट सुसंगत आहे, मात्र त्यात प्रश्न मिटून जातो. ग्रेने ती कडवी काढली, त्यांतल्या काही ओळी एकोणिसाव्या कडव्यात गावकऱ्यांकडे वळवल्या आणि विसरले जाण्याच्या भीतीवर नवा भाग लिहिला. त्यात एक वृद्ध खेडूत एका तरुण कवीच्या मृत्यूविषयी सांगतो आणि शेवटी त्या तरुणाचा तीन कडव्यांचा समाधिलेख येतो. सूर संयमाकडून करुणेकडे वळतो. समाधिलेखाआधीचे रॉबिन पक्ष्याचे गोड कडवे १७५३ मध्ये ग्रेने वगळले. तेथे ते फार लांबलेले कंसवाक्य होते, असे मेसन कारण देतो.

ह्या भागात ‘तू’ म्हणून कोणाला संबोधले आहे? वेस्ट, स्वतः ग्रे आणि गावचा शिलालेख कोरणारा अडाणी कवी असे पर्याय सुचवले गेले आहेत. शेवटचा पर्याय समीक्षक फ्रँक एलिसने १९५१ मध्ये मांडला. कवीने स्वतःकडे परक्याच्या नजरेने पाहिले, ही साधी समजूत कवितेच्या ओघाला सर्वांत कमी ओढाताण करते.

प्रकाशन : एका मासिकाने कविता परवानगीविना छापायचे ठरवल्याचे कळताच ग्रेने ११ फेब्रुवारीला वॉल्पोलकरवी डॉड्स्लीला घाई करायला सांगितले. चार दिवसांत निघालेल्या पुस्तिकेत छपाईच्या चुका राहिल्या. घुबडाच्या ‘गुप्त’ (सीक्रेट) निवाऱ्याचा ‘पवित्र’ (सेक्रेड) झाला आणि अंधारातली ओळ उगाच गंभीर बनली.

समीक्षा : ग्रेच्या इतर कवितांवर कठोर असणाऱ्या सॅम्युएल जॉन्सनने ही कविता प्रत्येक मनात प्रतिबिंब आणि प्रत्येक हृदयात पडसाद सापडणारी म्हणून वाखाणली. समीक्षक विल्यम एम्पसनने १९३५ मध्ये, गरिबांच्या वाया गेलेल्या गुणांना समुद्रतळाचे रत्न आणि रानात वाया जाणारे फूल ह्यांची उपमा देणाऱ्या कडव्यावर बोट ठेवले. फुलाला तोडून घ्यायचे नसते. म्हणून निसर्गाची उपमा वापरली की संधी नाकारणारी समाजव्यवस्थाही निसर्गासारखी अटळ भासते. हा आक्षेप खरा आहे आणि स्थळवर्णन राजकीय काम कसे करते हे त्यातून दिसते. समीक्षक क्लिअन्थ ब्रुक्सने १९४७ मध्ये समाधिलेखासह सबंध रचनेचा बचाव केला.

प्रभाव : क्वेबेकच्या लढाईआधी सेनापती जेम्स वुल्फने ही कविता म्हटल्याची आख्यायिका तपशिलात डळमळीत आहे, त्याची टिपणे असलेली प्रत मात्र टोरांटो विद्यापीठात आहे. टॉमस हार्डीने ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ (१८७४) हे कादंबरीचे नाव एकोणिसाव्या कडव्यातून घेतले. कादंबरीत मेंढ्या, गंजींची आग, वादळ आणि खून आहेत. ग्रेने गावाला दिलेली स्तब्धता हार्डीच्या वेसेक्स ह्या कल्पित प्रदेशात टिकत नाही, कारण तेथे गाव मृतांच्या नव्हे तर राबणाऱ्या जिवंत माणसांच्या बाजूने पाहिले आहे.