तयार मॉड्यूल, आपला बोर्ड

मराठवाड्यात शेतीच्या मोटारीला लागणारी थ्री-फेज वीज पाळीपाळीने आणि पुष्कळदा रात्री मिळते. त्यामुळे लाईट आली की मोटार सुरू करणारी, तीनपैकी एक फेज गेला की ती बंद करणारी आणि घरी मोबाईलवर तसे कळवणारी पेटी तयार करणे हा इथल्या तंत्रनिकेतनांतील आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना सहज सुचणारा प्रकल्प आहे. टेबलावर ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सुटे भाग खोचून जोडण्याची छिद्रांची पाटी) आणि जंपर वायरी जोडून तो चालतोही. विहिरीवरच्या पत्र्याच्या पेटीत मात्र फार काळ टिकत नाही, कारण स्टार्टर ओढला जाताना पेटी हादरते, ब्रेडबोर्डमधल्या स्प्रिंगची पकड उन्हाने आणि धुळीने सैल पडते, आणि एखादी वायर निसटली तर दोष कुठे आहे हे रात्री बॅटरीच्या उजेडात शोधावे लागते. अशा वेळी स्वतःचा छापील सर्किट बोर्ड, म्हणजे पीसीबी, आखणे हाच मार्ग उरतो, आणि त्यातले नेमके काय स्वतः आखायचे हे आधी ठरवावे लागते.

शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी३२ ही अशा पेटीचा मेंदू म्हणून चालणारी, वाय-फाय असलेली चिप २०१६ साली बाजारात आली. तिच्या सर्वांत परिचित मॉड्यूलचा आकार १८ गुणिले २५.५ मिलिमीटर आहे आणि तेवढ्यात मुख्य चिप, फ्लॅश मेमरी, ४० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि बोर्डावरच कोरलेला अँटेना सामावलेला असतो. रेडिओ लहरींच्या वारंवारतेवर ट्रॅकची, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीची, लांबी-रुंदी थोडी चुकली तरी परिणाम बदलतो आणि तो मोजायला लागणारी उपकरणे महाग असतात, म्हणून हा भाग तयार घेणेच शहाणपणाचे. मॉड्यूल बनवणाऱ्याला आपली विहीर, आपला स्टार्टर आणि आपला मे महिना मात्र ठाऊक नसतो. मॉड्यूलच्या पिनेपासून पुढे जे काही आहे, तेच आपल्या बोर्डाचे खरे काम होय.

मॉड्यूल थेट बोर्डावर सोल्डर करता येते, किंवा यूएसबी सॉकेट असलेला त्याचा डेव्हलपमेंट बोर्ड बर्ग स्ट्रिपमध्ये (पिना बसवण्याच्या पट्टीत) खोचून बसवता येतो. शेतावरच्या पेटीसाठी माझा कल दुसऱ्या पद्धतीकडे आहे. वळवाच्या विजांनी बोर्ड गेलाच, तर सोल्डरिंग न करता तो उपटून नवा बसवता येतो. पिनांमधले अंतर सगळीकडे २.५४ मिलिमीटर असले, तरी पिनांच्या दोन ओळींमधले अंतर काही बोर्डांत २२.८६ तर काहींत २५.४ मिलिमीटर असते, आणि दुकानात ते एकाच नावाने विकले जातात. म्हणून बोर्ड आधी हातात घ्यावा, व्हर्नियरने मोजावा, आराखडा मूळ आकारात कागदावर छापावा आणि पिना त्या कागदात टोचून पाहाव्यात.

पिना निवडतानाही आकृतीत जवळ दिसेल ती पिन घेऊन भागत नाही. या मॉड्यूलमध्ये ६ ते ११ क्रमांकाच्या पिना आतल्या फ्लॅश मेमरीला जोडलेल्या असतात, त्यामुळे त्यांना हात लावायचा नाही. ३४ ते ३९ या पिना फक्त माहिती आत घेतात; रिले, म्हणजे थोड्या विजेवर मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच, चालवू शकत नाहीत. वीज येताना १२ क्रमांकाची पिन बाहेरून वर ओढली गेलेली, म्हणजे तिच्यावर आधीच दाब असेल, तर चिप आपल्या मेमरीसाठी १.८ व्होल्टचा दाब निवडते आणि ३.३ व्होल्टच्या मेमरीचे मॉड्यूल सुरूच होत नाही. ब्रेडबोर्डवर वायर हलवून यातून सुटका होते. छापलेल्या तांब्यात ती होत नाही.

सर्वाधिक बोर्ड रडतात ते वीजपुरवठ्यापाशी. ईएसपी३२ वाय-फायवर माहिती पाठवताना सुमारे २४० मिलिअँपिअर घेतो. १२ व्होल्टवरून ३.३ व्होल्टवर येण्यासाठी एएमएस१११७ सारखा साधा रेग्युलेटर (दाब ठरलेल्या पातळीवर आणणारा भाग) लावला, तर उरलेले ८.७ व्होल्ट तो उष्णतेच्या रूपाने फेकतो, म्हणजे त्या क्षणी जवळपास २.१ वॅट. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, उन्हातल्या पेटीच्या आत तर त्याहून पुष्कळ जास्त. तिथे नखाएवढ्या रेग्युलेटरकडून हे सोसवत नाही. आधी बक कन्व्हर्टरने, म्हणजे फारशी उष्णता न करता दाब उतरवणाऱ्या मंडलाने, ५ व्होल्टवर यावे आणि तिथून पुढे रेग्युलेटर लावावा, म्हणजे तीच उष्णता ०.४ वॅटवर येते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज क्षणभर साठवून धरणारे भाग) १०५ अंशांपर्यंत चालणारे घ्यावेत, कारण तापमान दर १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते.

विहिरीवर वाय-फाय नसते, म्हणून सोबत सिमकार्डाचे मॉड्यूल लागते, आणि तिथे ट्रॅकची रुंदी महत्त्वाची ठरते. सिम८०० सारखे २जी मॉड्यूल टॉवरशी बोलताना क्षणमात्र २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढते आणि त्याचा पुरवठा ३.४ व्होल्टच्या खाली गेला की ते बंद पडते. नेहमीच्या बोर्डावर तांब्याचा थर ३५ मायक्रॉन जाडीचा असतो. त्यातला पाव मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर लांब ट्रॅक सुमारे ०.१ ओहम रोध देतो, म्हणजे २ अँपिअरला ०.२ व्होल्ट वाटेतच गळतात, आणि परतीचा मार्ग, म्हणजे ग्राउंड, तितकाच बारीक असेल तर आणखी तेवढेच. मग रेंज पूर्ण असूनही मॉड्यूल पुन्हा पुन्हा चालू-बंद होते आणि दोष बिचाऱ्या सिमकार्डावर जातो. यावर उपाय म्हणून खालचा सगळा थर ग्राउंडला द्यावा, पुरवठ्याचा ट्रॅक २ मिलिमीटर तरी रुंद ठेवावा आणि मॉड्यूलच्या पिनेला खेटून १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा.

रिलेकडे अधिक जपून पाहावे लागते. बाजारातल्या निळ्या रिलेवर १० अँपिअर, २५० व्होल्ट असे लिहिलेले असते. ५ एचपीची मोटार चालताना सुमारे साडेसात अँपिअर घेत असली, तरी सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट घेते, म्हणून मोटारीचा प्रवाह बोर्डावर आणायचाच नाही; रिलेने फक्त स्टार्टरची कॉइल चालवायची. शेतीच्या पुष्कळ स्टार्टरमध्ये ही कॉइल दोन फेजांमध्ये ४१५ व्होल्टवर असते. तिथे निळा रिले बसत नाही, तेवढ्या दाबाचे संपर्क असलेला रिले घ्यावा लागतो. दुसरे म्हणजे, स्टार्टर एकदा ओढला गेला की स्वतःच्याच होल्ड संपर्काने धरून राहतो. त्यामुळे लाईट येताना चिपच्या पिनेने क्षणभर उसळी घेतली, तरी तेवढ्याने मोटार सुरू होते आणि माणूस पंपापाशी काम करत असेल तर जिवावर बेतते. रिले चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेसवरून ग्राउंडला दहा किलोओहमचा रोधक लावला, तर प्रोग्राम सुरू होईपर्यंत रिले बंद राहायला मदत होते. काही पैशांचा हा भाग कुठल्याही परिस्थितीत वगळू नये. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोडही (विजेला एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) हवाच.

फेज आहे की नाही हे चिपला कळवण्यासाठी ऑप्टोकपलर वापरतात, कारण त्यात दोन्ही बाजूंमध्ये फक्त प्रकाशाचा संबंध असतो. पीसी८१७ या ऑप्टोकपलरच्या दोन बाजूंच्या पिनांमध्ये ७.६२ मिलिमीटर अंतर असते, पण तांब्याचे पॅड धरले की सहाच्या आसपासच उरते. पेटीत धूळ आणि पावसाळी ओल असते, हे लक्षात घेऊन त्याच्या खाली बोर्डात आरपार खाच पाडावी आणि ४१५ व्होल्टची बाजू दुसऱ्या बाजूपासून ८ मिलिमीटर तरी दूर ठेवावी.

या सगळ्याची आखणी किकॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होते. ग्रेनोबलच्या ज्याँ-पिएर शारा यांनी ते १९९२ साली सुरू केले. त्यातून निघालेल्या गर्बर फाईल, म्हणजे बोर्डाच्या थरांचे आराखडे, कारखान्याकडे पाठवल्या की १.६ मिलिमीटर जाडीचे, दोन थरांचे बोर्ड तयार होऊन येतात. २०२३ च्या सातव्या आवृत्तीपासून किकॅडमध्ये संगणकातले फाँट चालतात, त्यामुळे टर्मिनलांशेजारी ‘कॉइल’, ‘फेज १’, ‘बॅटरी’ असे देवनागरीत छापता येते. पुढेमागे पेटी उघडणारा गावातला वायरमन असतो, आराखडा काढणारा नव्हे.

हातात आलेल्या बोर्डात मॉड्यूल लगेच खोचू नये. आधी मोकळ्या बोर्डाला १२ व्होल्ट देऊन प्रत्येक टर्मिनलवरचा दाब मल्टिमीटरने मोजावा, मग मॉड्यूल बसवून रिलेच्या जागी बल्ब लावावा आणि पुरवठा पुन्हा पुन्हा बंद-चालू करून तो बल्ब क्षणभरही उजळत नाही याची खात्री करावी. स्टार्टरच्या वायरी त्यानंतर, मेन स्विच पाडून, जाणकार वायरमनच्या हातूनच जोडाव्यात.