काचबिंदूचा लेझर नेमकं जाळतो तरी काय?

"१० मिनिटांत लेझर, काचबिंदू कायमचा गायब" असली जाहिरात परत व्हॉट्सॲपवर फिरतेय. १० मिनिटं खरी आहेत, बाकी थाप. काचबिंदूत डोळ्याची नस एकदा सुकली की ती परत येत नाही, लेझरने नाही, थेंबांनी नाही, आणि डोळ्यात मध नाहीतर गोमूत्र घालून तर अजिबातच नाही, वर इन्फेक्शन झालं तर आहे ती नजरही जायची. मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं आणि लख्ख दिसायला लागलं, तसं इथे होत नाही. आपल्या हातात फक्त डोळ्याचं प्रेशर उतरवणं आहे.

डोळ्यात मिनिटाला साधारण २ ते २.५ मायक्रोलिटर पाणी तयार होतं आणि पुढच्या कोनातल्या (डोळ्याची पारदर्शक काच आणि रंगीत पडदा जिथे मिळतात तिथल्या) एका बारीक जाळीतून झिरपून निघून जातं. कोन उघडा पण जाळीतून निचरा नीट नाही, म्हणून प्रेशर वाढतं, हा झाला ओपन अँगल काचबिंदू. १९७९ पासून या जाळीवर आर्गन लेझर मारायचे, एकेक झोत ०.१ सेकंदाचा, त्याने आजूबाजूचंही भाजायचं आणि व्रण राहायचे.

आता एसएलटी (सिलेक्टिव्ह लेझर ट्रॅबेक्युलोप्लास्टी, याच जाळीवरचा नवा लेझर), आणि खरी गंमत इथे आहे. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश आणि झोत फक्त ३ नॅनोसेकंदाचा. जाळीतल्या काही पेशींत मेलॅनिन या गडद रंगद्रव्याचे कण असतात, ते हा प्रकाश शोषून तापतात, पण त्या कणातून उष्णता बाहेर पडायला लागतो साधारण १ मायक्रोसेकंद, म्हणजे झोत संपून गेल्यावरही उष्णता अजून आतच असते, त्यामुळे ती पेशी मरते आणि शेजारच्या बिनरंगी पेशीला चटकासुद्धा बसत नाही! मायक्रोस्कोपमधून बघताना बारीकसे बुडबुडे दिसतात, ते जेमतेम दिसतील इतपतच डॉक्टर एनर्जी ठेवतात. म्हणजे हा लेझर भोक पाडतच नाही. मेलेल्या पेशी साफ करायला मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या पेशी) येतात, सायटोकाइन (पेशींमधले निरोप पोचवणारे रेणू) सुटतात, त्यांच्या इशाऱ्यावर निघालेले एन्झाइम जाळीतला चोथा सैल करतात (यातलं नक्की कशाने किती होतं यावर अजून वाद आहेत). हे काम सावकाश चालतं, म्हणून पूर्ण असर दिसायला ४ ते ६ आठवडे जातात आणि तोवर चालू असलेले थेंब आपल्या मनाने बंद करायचे नाहीत.

२०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटनमधल्या 'लाइट' ट्रायलमध्ये ज्यांना आधी एसएलटी दिलं त्यातल्या जवळपास तीन चतुर्थांश लोकांचं प्रेशर ३ वर्षांनंतरही थेंबांशिवाय काबूत होतं. असर काही वर्षांनी ओसरतो, पण व्रण फारसे नसल्याने बऱ्याच जणांना परत करता येतं.

कोनच बंद असेल तर मात्र हा लेझर कामाचा नाही, तिथे दुसऱ्या लेझरने डोळ्याच्या रंगीत पडद्याला खरोखरच छोटं भोक पाडतात. आपला कोन उघडा की बंद हे गोनिओस्कोपीशिवाय (डोळ्यावर खास भिंग ठेवून कोन बघायची तपासणी) नीट कळत नाही, ती झाली का हे डॉक्टरांना आधी विचारा.